स्वयंसेवी वितरित संगणन व लघुसंगणक

एखाद्या मोठ्या शास्त्रीय गणिताचे असंख्य लहान भाग पाडावयाचे, ते इंटरनेटवरून एकमेकांस अपरिचित अशा हजारो लोकांच्या खाजगी संगणकांकडे पाठवावयाचे, त्या संगणकांच्या रिकाम्या वेळात ते सोडवून घ्यावयाचे आणि आलेली उत्तरे मध्यवर्ती ठिकाणी जुळवावयाची, या पद्धतीस स्वयंसेवी वितरित संगणन असे म्हणतात. संगणकाचा मालक आपले यंत्र व त्यास लागणारी वीज विनामूल्य देतो, म्हणून ते स्वयंसेवी. आणि काम एका ठिकाणी न होता विखुरलेल्या यंत्रांवर होते, म्हणून वितरित. १९९० नंतरच्या दशकात ही पद्धत रूढ झाली, तेव्हा तिचा सर्व भर घरोघरच्या व कचेऱ्यांतील मेजावरच्या संगणकांवर होता. २०१२ नंतर तळहाताएवढे, अवघ्या काही वॉट विजेवर चालणारे लघुसंगणक तिच्यात दाखल झाले. त्यांनी केलेल्या गणिताचे प्रमाण एकूण कामाच्या मानाने अल्पच आहे. तथापि रिकाम्या संगणकाचा वेळ फुकट असतो, या ज्या गृहीतकावर ही सर्व चळवळ उभी राहिली ते कितपत खरे आहे, याचा हिशेब या लघुसंगणकांमुळे उघडपणे मांडला गेला. त्यांचे ऐतिहासिक महत्त्व मुख्यतः यात आहे.

प्रत्येक गणित या पद्धतीने सोडविता येत नाही. शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिका निरनिराळ्या गावच्या परीक्षकांकडे वाटून देता येतात, कारण एक उत्तरपत्रिका तपासताना दुसरीकडे पाहावे लागत नाही. ज्या गणिताचे भाग असे परस्परांपासून स्वतंत्र असतात तेच स्वयंसेवकांकडे सोपविता येते. प्रचंड संख्येचे अवयव शोधणे, सांकेतिक लिपीच्या सर्व संभाव्य किल्ल्या तपासणे, आकाशातून आलेल्या रेडिओ तरंगांच्या नोंदींतून नियमित स्पंदने हुडकणे, औषधाचा रेणू प्रथिनाच्या खोबणीत बसतो की नाही हे लाखो रेणूंच्या बाबतीत पाहणे, ही या प्रकारची गणिते होत. याउलट ज्या गणितात प्रत्येक भागाला शेजारच्या भागाचे उत्तर क्षणोक्षणी लागते ते एकाच ठिकाणी असलेल्या महासंगणकावरच करावे लागते. अनेक लघुसंगणक एकत्र जोडून तयार केलेल्या संचाशीही प्रस्तुत विषयाची गल्लत करू नये. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठात २०१२ मध्ये सायमन कॉक्स यांनी ६४ लघुसंगणकांचा असा एक संच उभारला व त्याची मांडणी मुलांच्या लेगो ठोकळ्यांची केली, परंतु तो एका संस्थेच्या एका खोलीतील संच होता. स्वयंसेवी संगणनात यंत्रे परक्यांची असतात आणि तिच्या अडचणीही तेथूनच उद्भवतात.

या कल्पनेची पूर्वपीठिका झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत सापडते. तेथे जॉन शॉक व जॉन हप यांनी रात्री रिकाम्या पडलेल्या संगणकांवर आपोआप पसरून काम करणाऱ्या आज्ञावल्या तयार केल्या आणि त्यांचा वृत्तांत १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतील एका बिघडलेल्या आज्ञावलीने एका रात्रीत डझनावारी यंत्रे बंद पाडली होती. दुसऱ्याच्या यंत्रावर काम करताना किती जपावे लागते याचा तो पहिला धडा म्हणता येईल. पुढे आर्येन लेन्स्ट्रा व मार्क मॅनसी यांनी १९८८ च्या सुमारास मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याचे काम ई-पत्रांद्वारे वाटून देण्यास सुरुवात केली. या मार्गाचे गाजलेले यश १९९४ मध्ये मिळाले. रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन या गणितज्ञांची १२९ अंकी संख्या १९७७ मध्ये सायंटिफिक अमेरिकन या मासिकातून आव्हान म्हणून मांडली गेली होती. ती सुमारे ६०० स्वयंसेवकांच्या सुमारे १,६०० यंत्रांनी फोडली. त्या यंत्रांत महासंगणकांपासून वैयक्तिक संगणकांपर्यंत सर्व प्रकार होते, इतकेच नव्हे तर दोन फॅक्स यंत्रेही होती. आकाराने व सामर्थ्याने क्षुल्लक यंत्रांचा या कार्यात शिरकाव असा आरंभीच झालेला आढळतो. गणिताचा शेवटचा टप्पा मात्र तुकड्यांत वाटता येण्याजोगा नव्हता. तो एकाच मोठ्या यंत्रावर पार पाडावा लागला.

सामान्य नागरिकांस या कार्यात ओढण्याचे श्रेय प्रथम जॉर्ज वॉल्टमन यांस द्यावे लागेल. त्यांनी जानेवारी १९९६ मध्ये मेर्सेन मूळ संख्यांचा (दोनच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्यांचा) शोध घेण्याचा गिम्प्स हा उपक्रम सुरू केला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्यास पहिली नवी संख्या सापडली. १९९७ मध्ये डिस्ट्रिब्यूटेड डॉट नेट ही संघटना निघाली आणि तिने आरसी-५ या सांकेतिक पद्धतीची ५६ द्विमान अंकांची किल्ली २५० दिवसांत शोधून काढली. पुढील ६४ अंकांच्या किल्लीस १,७५७ दिवस लागले व २००२ मध्ये ती मिळाली.

तथापि या पद्धतीचे नाव घरोघर पोहोचले ते सेटी ॲट होम या प्रकल्पामुळे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत डेव्हिड गेडी यांच्या कल्पनेतून निघालेला आणि डेव्हिड अँडरसन, डॅन वर्थायमर, एरिक कॉर्पेला प्रभृतींनी चालविलेला हा प्रकल्प १७ मे १९९९ रोजी सुरू झाला. पृथ्वीबाहेरील बुद्धिमान जीवांनी पाठविलेला एखादा संदेश रेडिओ तरंगांत सापडतो काय, हे पाहणे हा त्याचा हेतू होता. प्वेर्तो रीको बेटावरील आरेसीबो येथील प्रचंड रेडिओ दूरदर्शकाच्या नोंदी चुंबकीय फितींवर घेत व त्या फिती टपालाने बर्कलीस पाठवीत; इतका माहितीसाठा तेथून तारेने पाठविण्याची सोय त्या वेळी नव्हती. बर्कलीस प्रत्येक फितीचे सुमारे साडेतीन लाख बाइटांचे तुकडे पाडून ते स्वयंसेवकांकडे रवाना होत. संगणकाचा मालक उठून गेला की पडद्यावर रंगीत आलेख उमटू लागे व काम चालू होई. जुलै २००१ पासूनच्या बारा महिन्यांत या यंत्रसमुदायाने सरासरी सेकंदास २७ लक्ष कोटींहून अधिक अंकगणितीय क्रिया केल्या. २००१ अखेरच्या सर्वांत वेगवान महासंगणकाची कमाल क्षमता याच्या निम्म्याहून कमी होती. प्रकल्पात एकंदर ५० लाखांहून अधिक लोकांनी भाग घेतला.

सेटीच्या अनुभवातून अँडरसन यांनी २००२ पासून बॉइंक ही सर्वसाधारण आज्ञावली विकसित केली. तिच्यामुळे कोणत्याही विद्यापीठास स्वतःचा प्रकल्प चालविणे शक्य झाले व एकाच स्वयंसेवकास आपला संगणक अनेक प्रकल्पांत वाटून देता येऊ लागला. गुरुत्वीय तरंग व पल्सार शोधणारा आइन्स्टाइन ॲट होम (२००५), प्रथिनांची रचना वर्तविणारा रोझेटा ॲट होम (२००५), आय.बी.एम. कंपनीने सुरू केलेला वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड (२००४) हे प्रकल्प तिच्याच आश्रयाने वाढले. स्टॅनफर्ड विद्यापीठात विजय पांडे यांनी ऑक्टोबर २००० मध्ये काढलेला फोल्डिंग ॲट होम हा प्रकल्प मात्र स्वतंत्र आज्ञावलीवर चालत राहिला.

परक्याच्या यंत्रावरून आलेले उत्तर बरोबर असेलच, असा भरवसा धरता येत नाही. यंत्र बिघडलेले असू शकते. क्वचित गुणांच्या लोभाने कोणी खोटे उत्तरही पाठवितो. म्हणून एकच तुकडा दोन किंवा अधिक संगणकांकडे पाठवून उत्तरे जुळली तरच ती स्वीकारतात. येथे एक सूक्ष्म अडचण उद्भवते. निरनिराळ्या घडणीचे प्रक्रियक अपूर्णांकांचे गणित करताना अखेरच्या काही अंकांत किंचित भिन्न उत्तरे देतात, आणि लांबलचक गणितात हा फरक वाढत जातो. त्यामुळे काही प्रकल्पांत एक तुकडा एकाच जातीच्या यंत्रांकडे पाठवावा लागतो. लघुसंगणकांचे प्रक्रियक नेहमीच्या संगणकांहून वेगळ्या जातीचे असल्याने पुढे त्यांना सामावून घेताना ही बाब विचारात घ्यावी लागली. केलेल्या कामाबद्दल स्वयंसेवकास गुण मिळतात. बॉइंकमध्ये सेकंदास एक अब्ज क्रिया करणाऱ्या यंत्राने दिवसभर केलेल्या कामास २०० गुण असे प्रमाण ठरविले गेले. या गुणांची कोठेही किंमत येत नाही, तरी त्यांच्या याद्या लागतात, देशोदेशींचे संघ पडतात व चुरस चालते. मनुष्यस्वभावाच्या दृष्टीने हा भाग मूळ गणितांइतकाच उद्बोधक आहे.

या सर्व व्यवहाराचा पाया असा होता : संगणक विकत घेतलेलाच आहे, तो चालूच असतो, मग त्याचा रिकामा वेळ विज्ञानाच्या कामी आल्यास कोणाचे काय जाते? ज्या काळात हे म्हटले गेले त्या काळी त्यात बरेच तथ्य होते. त्या वेळचे अनेक वैयक्तिक संगणक रिकामे असतानाही जवळजवळ पूर्ण कामाइतकीच वीज घेत. पुढे प्रक्रियकांची रचना बदलली. काम नसेल तेव्हा प्रक्रियकाचा वेग उतरविण्याची व त्याचे काही भाग झोपविण्याची सोय झाली. रिकामा असताना ४० वॉट घेणारा संगणक पूर्ण कामाला लावला की १०० वॉट किंवा अधिक घेऊ लागला. रिकामा वेळ त्यामुळे फुकट राहिला नाही. त्याची किंमत विजेच्या देयकात उमटू लागली. ही किंमत कोणी द्यावयाची, हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात एका महाविद्यालयाच्या संगणकांवर परवानगीवाचून अशी आज्ञावली चढविल्याबद्दल तेथील तंत्रज्ञावर फौजदारी खटला भरण्यात आला होता. दीर्घ मुदतीच्या कारावासाची शक्यता वर्तविली गेली, परंतु २००२ मध्ये तडजोड होऊन त्याची परिवीक्षा व किरकोळ रक्कम यांवर सुटका झाली. आज्ञावली चढविणाऱ्याचा हेतू परोपकाराचा असला, तरी वीज व यंत्रे त्याची नव्हती.

अल्प विजेवर चालणाऱ्या प्रक्रियकांचा उगम याहून जुना आहे. केंब्रिज (इंग्लंड) येथील एकॉर्न या कंपनीत सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर यांनी आर्म नावाचा प्रक्रियक तयार केला. मोजक्या व सोप्या आज्ञा, आणि म्हणून मोजकीच मंडले, हे त्याच्या रचनेचे सूत्र होते. एप्रिल १९८५ मध्ये पहिली चिप चालवून पाहिली तेव्हा तिला जाणारा विद्युत् प्रवाह मापकावर शून्य दिसला. तिच्या वीजपुरवठ्याची जोडणी तुटलेली होती आणि ती इतर मंडलांतून झिरपणाऱ्या प्रवाहावरच चालत होती, असे नंतर लक्षात आले. वीज वाचविणे हे मूळ उद्दिष्ट नव्हतेच. चिप स्वस्त वेष्टनात बसावी म्हणून ती तापू नये, एवढाच विचार होता. पुढे हीच जात खिशातील दूरध्वनींत सर्वत्र पसरली. डिस्ट्रिब्यूटेड डॉट नेटच्या आज्ञावलीची एक आवृत्ती एकॉर्नच्या या संगणकांसाठीही निघाली होती, परंतु अशी यंत्रे थोडी असल्याने तिचे महत्त्व हौसेपुरते राहिले.

स्थिती पालटली ती २९ फेब्रुवारी २०१२ रोजी. केंब्रिजमधील रास्पबेरी पाय प्रतिष्ठानाने त्या दिवशी आपला एकाच मंडलफलकावर मावणारा संगणक विक्रीस काढला. एबन अप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांचा उद्देश शालेय मुलांना संगणकाची आज्ञावली लिहिण्याची गोडी लावणे हा होता. म्हणून किंमत ३५ डॉलर ठेवली होती. प्रक्रियक आर्म जातीचा, वेग सेकंदास ७० कोटी स्पंदांचा, स्मृती २५६ मेगाबाइट आणि विजेची गरज फार तर साडेतीन वॉट. रात्रीच्या छोट्या दिव्याहूनही कमी विजेवर चालणारा, पंखा नसल्याने आवाज न करणारा हा संगणक पुस्तकांच्या फडताळात बारा महिने चालू ठेवता येत होता. वितरित संगणनाच्या हौशी लोकांचे लक्ष त्याकडे न जाते तरच नवल.

प्रत्यक्षात त्यांची सुरुवातीस निराशा झाली. बॉइंकची आज्ञावली मुक्त स्वरूपाची असल्याने ती या संगणकावर सहज चढविता येई, परंतु ती केवळ कामाची देवाणघेवाण करणारी आहे. गणित करणारी आज्ञावली प्रत्येक प्रकल्पाने स्वतंत्रपणे पुरवावी लागते. बहुतेक प्रकल्पांनी ती नेहमीच्या संगणकांसाठीच तयार केली होती. परिणामी लघुसंगणक काम मागे आणि त्याच्या जातीसाठी काम नाही असे उत्तर त्यास मिळे. ही कोंडी फोडणाऱ्यांत आइन्स्टाइन ॲट होम अग्रेसर होता. आरेसीबोच्या नोंदींतून जोडताऱ्यांतील पल्सार शोधण्याचे त्याचे काम लहान तुकड्यांचे होते व त्यास स्मृतीही बेताची पुरे, म्हणून ते आर्म प्रक्रियकांसाठी उपलब्ध करून देण्यात आले. प्राग येथील चार्ल्स विद्यापीठाचा, लघुग्रहांच्या प्रकाशातील चढउतारांवरून त्यांचे आकार ठरविणारा प्रकल्पही या यंत्रांना काम देऊ लागला. मेजावरच्या संगणकावर काही तासांत होणाऱ्या तुकड्यास पहिल्या रास्पबेरी पायवर काही दिवस लागत. आइन्स्टाइनची मुदत दोन आठवड्यांची असल्याने ते कसेबसे जमे. हवामानाच्या दीर्घकालीन प्रतिकृती चालविणाऱ्या ऑक्सफर्डच्या प्रकल्पासारखी कामे मात्र या यंत्रांच्या आवाक्याबाहेरचीच राहिली.

यापुढील वाढ झपाट्याची होती. २०१५ च्या रास्पबेरी पायमध्ये चार गाभ्यांचा प्रक्रियक आला. २०१६ मध्ये तो ६४ द्विमान अंकांचा झाला. २०१९ च्या चौथ्या आवृत्तीत वेग व स्मृती या दोहोंत मोठी भर पडली आणि पुढल्या वर्षी ८ गिगाबाइट स्मृतीचा प्रकार निघाला. दक्षिण कोरियातील हार्डकर्नल कंपनीच्या ओड्रॉइड या फलकांनाही हौशी मंडळींत मोठी मागणी होती, कारण त्यांचे प्रक्रियक बहुधा समकालीन रास्पबेरी पायहून वेगवान असत.

लघुसंगणक अहोरात्र गणितास जुंपणे हे दिसते तितके सोपे काम नाही. शाळेतल्या प्रयोगांसाठी बनविलेल्या या फलकांकडून चोवीस तास पूर्ण क्षमतेने काम घेतले जाईल, अशी अपेक्षा मुळात नव्हती. पहिली अडचण उष्णतेची. पुढील आवृत्त्यांत प्रक्रियकाचे तापमान ८० अंश सेल्सिअसच्या पलीकडे गेले की त्याचा वेग आपोआप उतरतो; यंत्र जळत नाही, पण काम मंदावते, आणि मालकास त्याचा पत्ता गुणांची यादी पाहिल्यावरच लागतो. म्हणून चिपवर धातूचे पंख्यासारखे पत्रे चिकटविणे व लहानसा पंखा लावणे आवश्यक ठरते. दुसरी अडचण वीजपुरवठ्याची. दूरध्वनीचा भार भरणारे हलक्या प्रतीचे उपकरण व बारीक तारेची जोडणी यांमुळे फलकापर्यंत पोहोचणारा दाब ५ व्होल्टच्या बराच खाली येतो. मग यंत्र वेग तरी उतरविते किंवा अवचित बंद तरी पडते. तिसरी अडचण साठवणीची. या संगणकांत चकती नसून नखाएवढे मेमरी कार्ड असते व त्यावर ठरावीक संख्येपलीकडे लेखन करता येत नाही. वीज गेल्यास केलेले काम वाया जाऊ नये म्हणून बॉइंक दर मिनिटास गणिताची स्थिती लिहून ठेवू शकते. मेजावरच्या संगणकात हे कोणाच्या लक्षातही येत नाही, पण मेमरी कार्ड त्याने झिजून निकामी होते. जाणकार हा अवधी वाढवितात किंवा लेखन बाहेरच्या साठवणीकडे वळवितात. आणखी एक उणीव चमत्कारिक वाटेल : २०२३ च्या पाचव्या आवृत्तीपर्यंत रास्पबेरी पायमध्ये स्वतःचे घड्याळच नव्हते. वीज जाऊन आली की जालकाशी संपर्क होईपर्यंत यंत्रास खरी तारीख ठाऊक नसे, आणि मुदतबंद कामाच्या बाबतीत त्याने घोटाळे होत.

सर्वांत मोठा अडसर मात्र स्मृतीचा होता. चार गाभे असले की चार तुकडे एका वेळी चालविता येतात, पण प्रत्येकास पुरेशी स्मृती हवी. तुकड्यास गिगाबाइटभर स्मृती लागत असेल, तर १ गिगाबाइटच्या फलकावर चारांपैकी तीन गाभे स्वस्थ बसतात. विज्ञानाची गणिते दिवसेंदिवस स्थूल होत गेली व लघुसंगणकांची शर्यत त्यांच्याशी होती. प्रक्रियकाच्या वेगाइतकाच या शर्यतीचा निकाल स्मृतीने ठरविला आहे.

याच सुमारास अल्पविजेचा दुसरा व संख्येने अफाट असा वर्ग, म्हणजे खिशातील स्मार्टफोन, या कार्यात आणण्याचा प्रयत्न झाला. जुलै २०१३ मध्ये अँड्रॉइड दूरध्वनींसाठी बॉइंकची आवृत्ती निघाली. दूरध्वनी भारणीस लावलेला असेल, विद्युत् घट बहुतांशी भरलेला असेल व संपर्क बिनतारी घरगुती जालकाचा असेल तेव्हाच ती काम करी. म्हणजे माणूस झोपलेला असताना उशाशी पडलेले यंत्र पल्सार शोधी. येथे रिकाम्या वेळाचे मूळ तत्त्व शुद्ध स्वरूपात टिकून होते, कारण दूरध्वनी गणितासाठी कोणी विकत घेत नाही. फडताळात मांडलेल्या लघुसंगणकाचे तसे नाही. तो पुष्कळदा या कामासाठीच घेतलेला असतो, आणि त्याला रिकामा वेळ असा नसतोच.

२०२० हे वर्ष या इतिहासात दोन परस्परविरुद्ध घटनांनी लक्षात राहील. ३१ मार्च रोजी सेटी ॲट होमने काम वाटणे थांबविले. हवे तेवढे पृथक्करण झाले असून आता निष्कर्ष काढण्याकडे वळावयाचे आहे, असे चालकांनी सांगितले. जमलेल्या सुमारे १२ अब्ज नोंदींतून चाळत चाळत सुमारे १०० संकेत उरले व त्यांच्या दिशांचे निरीक्षण चीनमधील फास्ट या दूरदर्शकाने करण्यात आले. ज्या आरेसीबोच्या नोंदींवर हे सर्व उभे होते तो दूरदर्शक त्याच वर्षी १ डिसेंबर रोजी कोसळला. दुसरी घटना कोविड-१९ च्या साथीची. विषाणूच्या प्रथिनांचा अभ्यास करणाऱ्या प्रकल्पांकडे स्वयंसेवकांची रीघ लागली आणि मार्चअखेर फोल्डिंग ॲट होमची एकत्रित क्षमता सेकंदास एकावर अठरा शून्ये इतक्या क्रियांपलीकडे गेली. त्या वेळी कोणताही एक महासंगणक या मर्यादेस पोहोचला नव्हता. एप्रिलमध्ये रोझेटाची व त्याच वर्षी पुढे फोल्डिंगची आज्ञावली ६४ अंकी आर्म प्रक्रियकांसाठी उपलब्ध झाली. या रूपांतरात नीओकॉर्टिक्स या अमेरिकी कंपनीचा वाटा होता. बऱ्याच रास्पबेरी पायवर तोवर ३२ अंकी परिचालन प्रणाली होती, त्यामुळे पुष्कळांना प्रणालीच बदलावी लागली. प्रतिष्ठानाची अधिकृत ६४ अंकी प्रणाली प्रायोगिक अवस्थेतून बाहेर पडली ती फेब्रुवारी २०२२ मध्ये, म्हणजे निकड ओसरल्यावर.

लघुसंगणकाने खरोखरच वीज वाचते काय, याचे उत्तर त्याच्या पुरस्कर्त्यांना वाटते तितके सरळ नाही. ५ वॉटचा फलक वर्षभर अखंड चालला तर सुमारे ४४ युनिट वीज लागते. १०० वॉटचा संगणक तेवढ्याच काळात ८७६ युनिट खातो. प्रमाण एकास वीस. म्हणजे मोठा संगणक जर लहानाच्या वीसपटींहून अधिक काम करीत असेल, तर युनिटमागे तोच स्वस्त ठरतो. अनेक गाभ्यांच्या आधुनिक संगणकाच्या बाबतीत हे पारडे पुष्कळदा मोठ्याकडे झुकते, आणि गणित ग्राफिक्स कार्डावर चालण्याजोगे असेल तर लघुसंगणक त्या कार्डाच्या आसपासही येत नाही. शिवाय मोठा संगणक अन्य कामासाठी चालूच असेल तर त्याने घेतलेली वाढीव वीजच हिशेबात धरावी लागते, तर केवळ गणितासाठी लावलेल्या फलकाची सगळीच वीज वाढीव असते. गुणांच्या चुरशीपायी डझनावारी फलक विकत घेऊन रचण्याचा प्रकारही झाला आहे. ते घडविण्यास लागलेले द्रव्य व ऊर्जा यांचा हिशेब त्यात कोणी धरीत नाही. लघुसंगणकाचा खरा लाभ वेगळाच आहे. त्याचा खर्च इतका अल्प व इतका निश्चित असतो, की सामान्य उत्पन्नाच्या माणसास आपण विज्ञानास नक्की काय देत आहो हे वर्षाच्या आरंभीच सांगता येते. सेटीच्या काळच्या स्वयंसेवकास ते सहसा सांगता आले नसते.

मोठ्या यंत्रांचे पारडे कसे जड होत गेले हे गिम्प्सच्या इतिहासावरून दिसते. १९९६ पासूनच्या त्याच्या सर्व मूळ संख्या वैयक्तिक संगणकांच्या नेहमीच्या प्रक्रियकांवर सापडल्या होत्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळालेली ४ कोटी १० लाखांहून अधिक अंकांची संख्या मात्र एका स्वयंसेवकाने १७ देशांतील व्यापारी संगणनकेंद्रांत विखुरलेल्या ग्राफिक्स प्रक्रियकांच्या साहाय्याने शोधली. तोही स्वयंसेवकच, फरक इतकाच, की त्याने यंत्राचा रिकामा वेळ दिला नाही, पैसा दिला.

आइन्स्टाइन ॲट होमचे कार्य चालू आहे. त्याच्या स्वयंसेवकांच्या यंत्रांनी पन्नासांहून अधिक नवे पल्सार शोधले असून त्यांतील पहिला २०१० मध्ये अमेरिका व जर्मनी येथील तिघा स्वयंसेवकांच्या संगणकांवर सापडला. तथापि ज्या हेतूने हा प्रकल्प निघाला, म्हणजे भ्रमण करणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांपासून अखंड येत असणारे क्षीण गुरुत्वीय तरंग लायगो या अमेरिकी शोधकांच्या नोंदींत हुडकणे, तो अद्याप साध्य झालेला नाही. २०१५ पासून प्रत्यक्ष टिपले गेलेले तरंग टकरींतून उठलेले, क्षणार्धाचे आहेत. अखंड तरंगासाठी महिनोन्‌महिन्यांच्या नोंदी असंख्य संभाव्य वारंवारतांशी ताडून पाहाव्या लागतात व संगणनाची खरी भूक तेथे आहे. महाराष्ट्रात हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यात येणाऱ्या लायगो-इंडिया या शोधकास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मान्यता दिली. तो कार्यान्वित झाल्यावर अमेरिकेतील दोन शोधकांच्या जोडीला त्याच घडणीचे तिसरे यंत्र दूरच्या खंडावर उपलब्ध होईल, आणि आकाशातील उगमस्थानाची दिशा आजच्यापेक्षा पुष्कळ अचूकपणे ठरविता येईल.